दिवस कोणाच्या मालकीचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कवितेच्या कार्यक्रमांच्या निमित्ताने माझं अधूनमधून महाविद्यालयांत जाणं होतं. कार्यक्रम संपला की मुलं भोवती जमतात आणि मोकळेपणी प्रश्न विचारतात. अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. 'सर, तुमच्या आधीच्या पिढीतले कवी वर्ग, वर्गलढा, भांडवलशाही हे शब्द फार वापरतात. त्याचा नेमका अर्थ काय?' या मुलांना 'वर्ग' म्हटल्यावर शाळेचा वर्ग आठवतो आणि 'समाजवादी' म्हटल्यावर एखाद्या पक्षाचं नाव. त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या लहानपणी हे शब्द चाळीच्या गॅलरीत, नाक्यावर, भिंतींवर होते. आता ते परीक्षेपुरते उरले आहेत.

मी साधा बी.ए. झालेला माणूस. अर्थशास्त्राचा पंडित असल्याचा आव मी आणणार नाही. पण हे शब्द समजून घ्यायचे असतील तर मुंबईच्या कापडगिरण्यांइतकी चांगली शाळा आपल्याकडे दुसरी नाही. त्या गिरण्यांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातली एकच गोष्ट मी आज धरणार आहे, ती म्हणजे कामाचे तास. कामाचा दिवस किती तासांचा, तो कोण ठरवतं आणि त्यातला किती वेळ कोणाच्या पदरात पडतो, एवढं ध्यानात आलं की बाकीचे अवघड शब्द बरेच सोपे होतात.

सुरुवात १८५३ सालापासून करू. त्या वर्षी १६ एप्रिलला मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. त्याच वर्षी लंडनमध्ये आसरा घेतलेला कार्ल मार्क्स नावाचा एक जर्मन गृहस्थ 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून' या अमेरिकन वृत्तपत्रासाठी हिंदुस्थानावर लेख लिहीत होता. मार्क्स तेव्हा पस्तिशीचा होता आणि फ्रेडरिक एंगल्सबरोबर लिहिलेल्या 'कम्युनिस्ट जाहीरनाम्या'ला पाच वर्षं झाली होती. इंग्रज रेल्वे आणत आहेत ती इथला कापूस स्वस्तात बंदरापर्यंत नेण्यासाठी, पण एकदा रेल्वे आली की तिच्यामागून कारखानदारी आल्याशिवाय राहणार नाही, असा त्याचा होरा होता. तो खरा ठरायला फार वेळ लागला नाही. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत कापडगिरणीसाठी कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली.

गिरणी उभी करायला दोन गोष्टी लागतात, पैसा आणि माणसं. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैसा होता. चीनला कापूस आणि अफू पाठवण्याच्या व्यापारातून तो जमला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यातूनही पैसा आला. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तिजोरीत ठेवलेला पैसा म्हणजे भांडवल नव्हे. त्या पैशाने यंत्रं घेतली, कापूस घेतला, माणसांचं काम विकत घेतलं आणि या सगळ्यातून तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत आला, तर त्याला भांडवल म्हणायचं. वाढणं हाच भांडवलाचा स्वभाव. एखादा गिरणीमालक मनाने कितीही दयाळू असला तरी शेजारची गिरणी स्वस्त कापड काढत असेल तर त्याला तिच्यामागे धावावंच लागतं. म्हणून मार्क्सने मालकांच्या स्वभावाची चर्चा करण्यापेक्षा ही शर्यत कशी चालते, याचा शोध घेतला.

आता माणसं. ती कोकणातून आणि घाटावरून आली. १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. माझे आजोबा त्याच जिल्ह्यातले, पुढच्या पिढीतले. कोकणात खोतीची पद्धत होती. कूळ राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा. उरलेल्यात वर्ष निघत नसे. मग घरातला एक मुलगा बोटीत बसून मुंबईला यायचा आणि मनिऑर्डर गावी जायची. आजोबाही असेच आले आणि एका गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागावर, लागले.

गिरणीत या म्हणून आजोबांना कोणी दोरीने बांधून आणलं नव्हतं. ते कोणाचे गुलाम नव्हते. उद्या नोकरी सोडायची म्हटली तर सोडायला मोकळे होते. पण ते आणखी एका अर्थाने मोकळे होते. पोट भरेल एवढी जमीन त्यांच्याकडे नव्हती, माग नव्हता, कापूस नव्हता. हात तेवढे स्वतःचे होते. मार्क्सने या दुहेरी मोकळेपणावर बोट ठेवलं. एका बाजूला कारखाना, यंत्र, कच्चा माल ज्यांच्या मालकीचा आहे अशी थोडी माणसं आणि दुसऱ्या बाजूला आपली काम करण्याची ताकद रोज विकल्याशिवाय ज्यांची चूल पेटत नाही अशी पुष्कळ माणसं, अशी ही रचना आहे. यातल्या प्रत्येक बाजूला समाजवादी परिभाषेत 'वर्ग' म्हणतात.

इथे नव्या वाचकाची एक गल्लत होते. वर्ग म्हणजे उत्पन्नाचा गट असं त्याला वाटतं, कारण 'मध्यमवर्ग', 'गरीब वर्ग' असं आपण बोलतो. समाजवाद्यांचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही किती कमावता याच्या आधी तुम्ही कशावर जगता, हे ते विचारतात. महिन्याला लाखभर पगार घेणारा संगणक अभियंता आणि आठ-दहा हजारांवर शिवणकाम करणारी बाई यांच्या राहणीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण उद्या काम गेलं तर दोघांनाही दुसऱ्याच्या दारात जावं लागतं, हे त्यांच्यातलं साम्य आहे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. सुरुवातीच्या गिरण्यांत दिव्यांची सोय पुरेशी नसल्याने सूर्य हेच घड्याळ होतं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. हिवाळ्यात अकरा-साडेअकरा तास आणि उन्हाळ्यात तेरा तास. आठवड्याची सुट्टी नाही. सणाला गिरणी बंद राहिली तर तेवढाच विसावा. लहान मुलंही कामावर असत. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, एवढंच त्याने सांगितलं. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करणं ही त्या काळची सुधारणा होती. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायदा गप्प होता.

या कायद्यामागची गंमत पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना इथल्या कामगारांच्या तासांची काळजी वाटू लागली होती. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. देशी उद्योग मारण्याचा हा मँचेस्टरचा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण मालक देशी आहे म्हणून तेरा तास उभं राहणाऱ्या बाईचे पाय कमी दुखत नव्हते. तिच्या बाजूने बोलणारी माणसं वेगळी होती.

त्यांत पहिलं नाव नारायण मेघाजी लोखंडे यांचं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकार नेमलेल्या आयोगापुढे ठेवला. मागण्या ऐका. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत त्याला काहीतरी आधार मिळावा. या पाचांपैकी तीन मागण्या वेळेच्या आहेत.

लोखंडे मार्क्सवादी नव्हते. मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड जर्मनमध्ये १८६७ साली निघाला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १८८७ साली आलं. म्हणजे परळ-भायखळ्याच्या कामगारांनी अंगठे उठवले तेव्हा ते इंग्रजी पुस्तक छापलंही गेलं नव्हतं. 'हे विचार परदेशातून आणलेले आहेत' असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारची पुरवणी चहाबरोबर निवांत वाचतो, त्या निवांतपणात या लोकांचाही वाटा आहे.

आता मार्क्सने मांडलेला तो प्रसिद्ध हिशेब. त्याला मराठीत 'वरकड मूल्य' म्हणतात. वरकड म्हणजे वरचं, जास्तीचं. मी समजुतीसाठी सोपे आकडे घेतो. समजा, एका विणकराने बारा तासांत काही कापड विणलं. त्याच्या किमतीतून सुताचा खर्च काढा, कोळशाचा काढा, यंत्राच्या झिजेचा काढा. उरली बारा रुपयांची भर. ही भर विणकराच्या कामाने पडली. त्याला दिवसाचा पगार मिळाला सहा रुपये, कारण तेवढ्यात तो आणि त्याचं घर कसंबसं जगून उद्या पुन्हा कामाला येऊ शकतं. याचा अर्थ पहिल्या सहा तासांत त्याने स्वतःचा पगार भरून काढला. पुढचे सहा तास तो ज्यासाठी राबला ते वरकड. त्यातूनच मालकाचा नफा, सावकाराचं व्याज, जागेचं भाडं निघतं.

खोताच्या शेतात हे उघड दिसायचं. पिकाची रास समोर असायची आणि वाटे डोळ्यांदेखत पडायचे. गिरणीत तसं दिसत नाही. पगार 'बारा तासांचा' म्हणून हातात येतो. कुठल्या तासापर्यंत मी माझ्यासाठी काम केलं आणि कुठल्या तासापासून दुसऱ्यासाठी, याची रेघ घड्याळावर मारलेली नसते. ती रेघ दाखवणं हे मार्क्सचं मोठं काम. यात चोरी नाही, फसवणूक नाही, ठरलेला पगार ठरल्याप्रमाणे दिला आहे. तरीही एकाच्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याच्या मालकीचा झालेला आहे.

यावर मालकांच्या बाजूने एक उत्तर दिलं जातं आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. पैसा आम्ही घातला, धोका आम्ही पत्करला, गिरणी बुडाली तर आम्ही बुडू, मग नफा आमचा का नसावा? समाजवादी याला दोन गोष्टी सांगतात. एक, तुमचा पैसा आणि तुमची यंत्रं हीदेखील आधीच्या कुणाच्या तरी श्रमातूनच आली आहेत. दुसरं, गिरणी बुडाली तर कामगारही बुडतो. धोका दोघांचा आहे, पण गिरणी कशी चालवायची हे एकटा ठरवतो. हा वाद आजही मिटलेला नाही. श्रोत्यांनी स्वतः विचार करून आपली बाजू ठरवावी.

हिशेब असा असेल तर मालकाला वरकड वाढवायचे दोन मार्ग दिसतात. पहिला, दिवस लांबवणं. १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. घरात दिवा आला की आपण म्हणतो सोय झाली. गिरणीत दिवा आल्यावर सूर्य मावळला म्हणून काम थांबवायचं कारण उरलं नाही आणि दिवस चौदा तासांच्या पुढे गेला. तेव्हा कामगारांनी संप केले, काही ठिकाणी दगडफेकही झाली. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर बांधला. १९२०च्या मोठ्या संपानंतर मुंबईत दहा तासांचा दिवस आला. १९२२च्या कायद्याने देशभर अकरा तासांचा दिवस आणि साठ तासांचा आठवडा ठरवला.

दिवस लांबवता येईना तेव्हा दुसरा मार्ग पुढे आला. तेवढ्याच तासांत जास्त काम काढायचं. आतापर्यंत एक विणकर दोन माग सांभाळत होता, त्याला तीन माग द्यायचे. सूत काढणाऱ्याला जास्त चात्या द्यायच्या. जपानी कापडाशी टक्कर द्यायची तर हे करावंच लागेल, असं मालकांचं म्हणणं होतं. कामगारांना दिसत होतं की तिघांचं काम दोघं करणार आणि तिसरा रस्त्यावर येणार. यातून १९२८चा सार्वत्रिक संप उभा राहिला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिन्यांच्या आसपास, दीड लाख कामगार बाहेर होते. त्याच काळात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. ना. म. जोशींसारखे नेमस्त पुढारी, श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, जोगळेकर यांच्यासारखे तरुण कम्युनिस्ट आणि अर्जुन आळवे यांच्यासारखे गिरणीतूनच वर आलेले कामगार पुढारी त्या संपात एकत्र होते. संप मिटला तेव्हा लाल बावट्याच्या युनियनचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. पुढे मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात यातल्या अनेकांना अटक झाली.

हे विचार लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत कसे गेले, हा प्रश्न मला कवी म्हणून जास्त जवळचा आहे. गिरणीच्या गेटावरच्या सभा होत्या, चाळीतल्या बैठका होत्या आणि पुढे शाहीर होते. चाळीसच्या दशकात अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी स्वतः गिरणीत काम केलं होतं. डफावर थाप पडली की वरकड मूल्य म्हणजे काय, हे समजायला पुस्तक लागत नसे. पुढे नारायण सुर्वे आले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला ते तान्हेपणी रस्त्यावर सापडले आणि त्यांनीच त्यांना वाढवलं. मराठीत कवितेला कामाच्या पाळीचा वास आला तो या लोकांमुळे. माझ्यासारख्या मुसलमान घरातल्या मुलाला मराठी कविता आपली वाटली, त्यालाही मोठं कारण हेच लोक आहेत.

पण इथे थांबून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. एकाच भोंग्याला आत जाणारी सगळी माणसं आत गेल्यावर सारखी नव्हती. साचाखात्यात पगार बरा असे. तिथे धोट्यात नवी कांडी घालताना विणकर सुताचं टोक तोंडाने ओढून घेत. दुसऱ्याच्या तोंडचा विटाळ नको म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेतलं जात नसे. हे मालकाने केलेलं नव्हतं एवढंच, सवर्ण आणि मुसलमान विणकरांनी ते चालवून घेतलं होतं. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठणकावून विचारला. कामगारांची एकी हवी असेल तर आमच्या कामगारांना साचाखातं का बंद, याचं उत्तर आधी द्या, असा त्यांचा रोख होता. स्त्रियांचीही तीच कथा. त्यांना पगार कमी, आणि गिरणी सुटली की चूल, पाणी, पोरं ही दुसरी पाळी त्यांची वाट पाहत असे. तिचे तास कुठल्याच हजेरीपुस्तकात नव्हते. आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये, त्या भव्य संपानंतर चारच महिन्यांत, याच मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली.

म्हणून मुलांना मी सांगतो की वर्ग हा जन्माने मिळत नाही. परिस्थिती माणसांना एका रांगेत उभं करते, पण शेजारच्याला आपलं मानणं हे माणसांना स्वतः शिकावं लागतं. जात आणि धर्म ते शिकू देत नाहीत. समाजवादाची मांडणी आपल्याकडे जिथे जातीला बगल देऊन पुढे गेली, तिथे ती कमकुवत राहिली. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ साली कामगारविरोधी विधेयकाविरुद्धच्या संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावला. माझ्या आजोबांची दोन्ही टोकं, कोकणातलं शेत आणि मुंबईतला माग, या एका माणसाच्या राजकारणात एकत्र आली होती.

तासांचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९३४च्या कायद्याने दहा तासांचा दिवस आणि ५४ तासांचा आठवडा आला. १९४६च्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांवर आला. ते विधेयक आणलं तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या फॅक्टरी कायद्याने ४८ तासांचा आठवडा आणि जास्तीत जास्त नऊ तासांचा दिवस पक्का केला. तेरा-चौदा तासांवरून आठ-नऊ तासांवर यायला साठ-सत्तर वर्षं लागली. यातला प्रत्येक तास मागून, भांडून, उपाशी राहून मिळालेला आहे.

माझे वडील या आठ तासांच्या पिढीतले. पाळी संपवून घरी आले की ते उर्दू आणि मराठी दोन्ही वर्तमानपत्रं वाचायचे, चाळीच्या मंडळात कॅरम खेळायचे, आम्हाला अभ्यासाला बसवायचे. कामाचे तास कमी झाले म्हणजे नुसती विश्रांती मिळत नाही, माणूस बाप होतो, वाचक होतो, नागरिक होतो, हे मी त्यांच्यात पाहिलं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या हळूहळू सुरू झाल्या तेव्हा वडिलांना त्यांच्या गिरणीने परत घेतलं नाही. काही वर्षं मिळेल ते काम करून शेवटी ते भिवंडीला यंत्रमागावर लागले. कापड तेच, हातातलं कसब तेच. पण तिथे दिवसाच्या दोनच पाळ्या होत्या, बारा-बारा तासांच्या, आणि मजुरी कापडाच्या मापावर. १९११ सालचा दिवस त्यांना १९८७ साली परत भेटला. वर्तमानपत्र घरात येत राहिलं, ते वाचायला त्यांच्याकडे वेळ उरला नाही.

कोणी म्हणेल, मग सगळं सरकारच्या मालकीचं केलं की झालं. तेही करून पाहिलं गेलं. संपानंतर १९८३ साली सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. त्याही पुढे बंदच पडल्या. सोव्हिएत संघात कारखाने सरकारचे होते, पण कामगाराला तोंड उघडायची सोय नव्हती, आणि १९९१ साली ते राज्यच संपलं. मालकाची पाटी बदलली म्हणून निर्णय कामगाराच्या हाती येतोच असं नाही. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, त्याच्या आधी नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता यांच्यात ज्या चर्चा झाल्या, त्यातून आलेल्या परंपरेने लोकशाहीवर सतत भर दिला तो याचसाठी. समाजवाद्यांत या प्रश्नावर भांडणं झाली आणि अजून होतात. नव्या वाचकाने त्यामुळे गोंधळून जाऊ नये.

आता आजचं सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. जादा तासांचा मोबदला मिळेल आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, असं सरकारने सांगितलं. गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. असेलही. मला त्यातला 'संमती' हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. माझ्या आजोबांचीही संमती होतीच. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचं धान्य नाही आणि ज्याच्या जागेसाठी गेटाबाहेर दहा जण उभे आहेत, त्याची संमती आणि मालकाची संमती एकाच वजनाची असते का? पाठीवर डबा घेऊन मोटारसायकलवर धावणारी मुलं आपण रस्त्यात पाहतो. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, कंपनी त्यांना कामगार न म्हणता भागीदार म्हणते. पण ऑर्डर कोणाला द्यायची आणि फेरीला किती पैसे द्यायचे, हे त्यांच्या हातात नाही. वडिलांच्या कापडाच्या मापावरच्या मजुरीची ही नवी आवृत्ती आहे.

तेव्हा तरुण मित्रांनो, मार्क्सचे जाड खंड आजच उघडा असं मी म्हणणार नाही. तुम्ही जिथे काम करता किंवा उद्या कराल, तिथे तीन प्रश्न विचारून पाहा. काम ज्या साधनांवर चालतं ती कोणाच्या मालकीची आहेत? माझ्या दिवसाचे तास कोण ठरवतं, आणि ते ठरवताना मला विचारलं जातं का? माझ्या कामातून जी भर पडते, तिच्यातलं वरकड कुठे जातं? उत्तरं मिळाली की ती शेजारच्या टेबलावरच्या, शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या उत्तरांशी ताडून पाहा. त्याची जात, धर्म, गाव तुमच्यापेक्षा वेगळं असेल तर जरूर ताडून पाहा. लोखंड्यांच्या साडेपाच हजार सह्या अशाच एकेका माणसाशी बोलून जमल्या असणार.